कातलेली काठवट सुकताना तडकते: तडा कुठे पडलाय ते आधी बघा

झाड उतरवलं, बुंध्याचा चांगला तुकडा जळणात घालवायचा जिवावर आलं म्हणून घरी आणला आणि ओला असतानाच लेथवर चढवून काठवट कातली. ओलं लाकूड लोण्यासारखं सुटतं, लांब सालपटं उडतात, दोन तासांत भांडं तयार. तिसऱ्या दिवशी काठाला केसाएवढी चीर दिसते, आठव्या दिवशी तिच्यात नख जातं. पुढच्या ओंडक्याचंही तेच. झाडं तोडणाऱ्या, फांद्या छाटणाऱ्या माणसांनी कातकाम सुरू केलं की पहिली दोन वर्षं हीच तक्रार असते आणि दोष बहुतेक वेळा लाकडाच्या माथी मारला जातो. आंबा तडकतोच, बाभळीचं काही खरं नाही, वगैरे.

लाकडाचा दोष असतो, पण क्वचित. तडा कुठे पडला, कोणत्या दिशेने गेला आणि किती दिवसांनी दिसला, एवढं नीट पाहिलं तर चूक कोणत्या टप्प्यावर झाली ते सांगता येतं. म्हणून तडकलेलं भांडं लगेच चुलीत घालू नका.

लाकूड आकसतं ते कसं

ताज्या लाकडात पाणी दोन जागी असतं. पेशींच्या पोकळीत, आणि पेशींच्या भिंतीत मुरलेलं. पोकळीतलं पाणी जातं तेव्हा लाकूड फक्त हलकं होतं. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतीतलं पाणी निघायला लागतं आणि आकसणं तिथून सुरू होतं. ते सगळीकडे सारखं नसतं. ओंडक्याच्या लांबीत ते नगण्य, ०.१ ते ०.३ टक्के. भेंडाकडून, म्हणजे ओंडक्याच्या मधोमधच्या मऊ ठिपक्याकडून, सालीकडे त्याहून पुष्कळ जास्त, आणि वाढीच्या वर्तुळांना धरून गोल फिरत गेलं तर त्याच्याही जवळपास दुप्पट. सागासारख्या शांत लाकडातसुद्धा हे आकडे २.५ आणि ५.८ टक्के आहेत. या दोन आकड्यांतली तफावत कुठेतरी निघावीच लागते. भांडं वाकून तरी निघते, फाटून तरी.

दुसरी गोष्ट वेगाची. ओंडक्याचं कापलेलं तोंड बाजूच्या अंगापेक्षा १० ते १५ पट वेगाने पाणी सोडतं. काठवटीत हे तोंड कुठे येतं? समोरासमोरच्या दोन जागी, जिथे लाकडाच्या रेषा (लांबीत जाणारे तंतू) काठवटीच्या भिंतीला आरपार छेदतात तिथे. उरलेल्या दोन बाजू सावकाश सुकतात. बाहेरचा थर सुकून आकसू लागला आणि आतलं लाकूड अजून ओलं, फुगलेलं असेल, तर बाहेरचा थर ताणला जाऊन फाटतो. ओलावा जाणार, ते थांबवता येत नाही. तो सगळीकडून सारख्या गतीने जावा, एवढीच खटपट आपल्या हातात आहे.

तडा वाचायचा कसा

काठावर समोरासमोर दोन जागी, रेषेच्या दिशेने खाली उतरणाऱ्या चिरा असतील आणि त्या पहिल्या आठवड्यातच दिसल्या असतील, तर तोंडाकडचा भाग फार लवकर सुकला. सगळ्यात जास्त दिसणारा तडा हाच. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत काम अर्धवट टाकून जेवायला गेलात तरी तो पडू शकतो. लेथवर अर्धी पोकळ केलेली काठवट रात्रभर तशीच राहिली तर सकाळी ती हमखास उघडलेली सापडते, कारण काठ पातळ झालेला आणि मध्ये ओल्या लाकडाचा गड्डा. पोकळ करायला घेतलं की एका बैठकीत संपवायचं. उठावंच लागलं तर ओला गोणपाट गुंडाळून वर प्लास्टिकची पिशवी बांधा.

तळाच्या मधून निघून दोन्ही बाजूंना पसरणारा तडा वेगळा. त्याची कारणं दोन. एक, भेंड आत राहिलं. ओंडक्याच्या मधोमध पेन्सिलीएवढा जो मऊ ठिपका असतो त्याच्याभोवतीची वर्तुळं पूर्ण गोल असतात आणि आकसायला त्यांना वाव नसतो, त्यामुळे भेंड असलेला तुकडा फुटणारच, कितीही सावकाश सुकवा. दोन, तळ भिंतीपेक्षा जाड राहिला. हे कातणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण तो आतून जाडी मोजतो आणि खाली चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरायला ठेवलेलं टेनन (तळाखालचा गोल उंचवटा) हिशेबात धरत नाही. भिंत १० सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), तळ १० सूत, त्याखाली टेनन आणखी ३ सूत, म्हणजे मध्यभाग १३ सुतांचा झाला. भिंत सुकून आवळते तेव्हा तो गड्डा ओलाच असतो. यावर उपाय सोपा आहे: टेननच्या आतला भाग ३ सूत खोल पोकळ करा, फक्त कडी ठेवा. चकला धरायला कडीच लागते.

वर्तुळाला धरून कमानीसारखी जाणारी चीर सुकण्यातून येत नाही. ती झाडात आधीपासून होती. कधी वाऱ्याने, कधी झाड पाडताना खोड दगडावर किंवा बांधावर आपटल्याने वर्तुळं एकमेकांपासून सुटतात. ताज्या कापावर ती दिसत नाही. कापावर पाणी मारून पाच मिनिटं थांबा. बाकीचं तोंड सुकतं आणि सुटलेल्या जागी ओली रेघ उरते. असा ओंडका कातायला घेऊ नका. लेथवर त्याचा तुकडा सुटून तोंडावर येऊ शकतो.

पॉलिश पेपर मारताना किंवा मारल्यावर तासाभरात केसासारख्या बारीक चिरांची जाळी उठली तर ती उष्णतेची आहे. बाभूळ, चिंचेचा काळा गाभा, शिसम अशा घट्ट लाकडात हे होतं. पेपर गुळगुळीत झाला तरी तोच दाबत बसलं की लाकूड तापतं. हाताला कोमटपेक्षा जास्त लागलं की थांबायचं, वेग निम्मा करायचा, पेपर बदलायचा.

आणि काठवट अंडाकृती झाली, पण तडा कुठेच नाही? तो दोष नाही. तसंच व्हायला हवं.

पावसाळ्यातला फसवा कोरडेपणा

एका तड्याबद्दल वेगळं लिहावं लागतं, कारण तो आपल्या बेळगाव भागाचा खास आहे आणि चांगल्या हातांनाही फसवतो. जूनमध्ये कच्ची कातलेली, म्हणजे जाड ठेवून सुकल्यावर पुन्हा कातायची, काठवट दर आठवड्याला वजन करून ठेवली. ऑगस्टमध्ये सलग तीन आठवडे काटा हलला नाही. सुकली म्हणून दुसऱ्यांदा कातली, तेल लावलं, कोणाच्या तरी घरी दिली. फेब्रुवारीत ती वाकली, किंवा तळातून फुटली.

वजन थांबलं याचा अर्थ लाकडाची आजूबाजूच्या हवेशी बरोबरी झाली, एवढाच. हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड १७-१८ टक्के ओलाव्यावर थांबतं, ९० टक्के असेल तर २० च्या आसपास. उन्हाळ्याच्या दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की तेच लाकूड ६ टक्क्यांकडे ओढ घेतं. ऑगस्टमध्ये जे थांबलं होतं त्याचं खरं आकसणं निम्म्याच्या आसपास बाकी होतं. कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस जास्त असतो, तिकडे ही फसगत ऑक्टोबरपर्यंत चालते. अथणीकडच्या कोरड्या हवेत ती जवळजवळ नसते, तिकडे उलट पहिल्या आठवड्यातले काठाचे तडे जास्त. एकच कृती जिल्हाभर चालत नाही ती यामुळे.

यातून सुटायचं तर वजन कुठे थांबतं यापेक्षा ते कुठे थांबायला हवं हे आधीच काढून ठेवा. ओंडका कापताना तोंडापासून निदान ६ इंच आतून, साल काढून, साधारण १०० ग्रॅमची पातळ चकती घ्या आणि लगेच स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर वजन करा. ती घरच्या छोट्या ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवा, दर दोन तासांनी वजन करा, ते बदलायचं थांबलं की काढा. समजा १०० ची ६० ग्रॅम झाली. म्हणजे ओलावा होता ४० भागिले ६०, सुमारे ६७ टक्के. आता त्याच ओंडक्याची कच्ची कातलेली काठवट २,१०० ग्रॅम भरली, तर तिच्यात कोरडं लाकूड २,१०० गुणिले ०.६०, म्हणजे १,२६० ग्रॅम. १० टक्के ओलाव्याला ती १,३८६ ग्रॅमवर यायला हवी. हा आकडा तळावर शिसपेन्सिलीने लिहा, शेजारी तारीख आणि झाडाचं नाव. ऑगस्टमध्ये काटा १,५०० वर अडकला असेल तर तुम्हाला कळतं की काम संपलेलं नाही. शाईचा पेन वापरू नका, ओल्या लाकडात ती सुतासारखी पसरते आणि दुसऱ्या कातण्यातही पूर्ण निघत नाही.

ओलावा मोजायचं सुया टोचायचं यंत्र आहे म्हणून हे टाळू नका. ते पृष्ठभागाजवळचं सांगतं, आणि ३० टक्क्यांच्या वर त्याच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो.

ओंडक्यापासूनची कामं

बरेच तडे लेथपर्यंत पोचायच्या आधीच पडलेले असतात. तोडलेल्या दिवशीच, शक्यतो झाडाखालीच, दोन्ही तोंडं बंद करा. पॅराफिन मेण उत्तम. एका डब्यात मेण घालून तो डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा, थेट आचेवर कधीही नको, मेणाची वाफ पेट घेते. मेण पाण्यासारखं पातळ झाल्यावरच ब्रशने लावा. अर्धवट गार झालेलं मेण वर पापुद्र्यासारखं बसतं आणि दुसऱ्या दिवशी सुटून पडतं. शेतात मेण वितळवणं जमणार नसेल तर शिल्लक ऑइल पेंटचे दोन जाड हात द्या. पांढऱ्या गोंदाचे तीन थर काहीतरी काम करतात, पण मेणाची सर नाही. डांबर लावू नका, ते चेनसॉच्या चेनला, हातांना आणि शेवटी भांड्याला लागतं.

तुकडा कापताना लांबी व्यासापेक्षा ४ इंच जास्त ठेवा. कातायच्या दिवशी दोन्हीकडून २-२ इंच उडवायचे असतात, कारण मेणाखालीही थोड्या चिरा जातात. ओंडका जमिनीवर न ठेवता दोन आडव्या सोटांवर, सावलीत. पावसाळ्यात आंब्याला चार-सहा दिवसांतच निळी-काळी बुरशी धरते, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये आंबा साठवूच नका, आठवड्यात कातून मोकळे व्हा.

उभा चिरताना चेनसॉने भेंडावरून एकच काप घेऊन थांबू नका. भेंडाच्या दोन्ही बाजूंनी किमान १-१ इंच जायला हवं, म्हणून ओंडक्याच्या मधून दोन काप घेऊन दोन-अडीच इंचांची एक फळी बाजूला काढा. त्या फळीतलं भेंड चिरून टाकलं की दोन्हीकडे उभ्या रेषांच्या पट्ट्या मिळतात. पोळपाटाचे पाय, लाटणी, मुठी यांना यासारखं लाकूड नाही. उरलेले दोन अर्धे भाग काठवटीचे.

चेनसॉबद्दल एवढंच: ओंडका आडवा टाकून बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) रेषेला समांतर चालवला की शेवयांसारखी लांब सालपटं निघतात आणि स्प्रॉकेटच्या झाकणात कोंबली जाऊन चेन अडवतात. दर अर्ध्या मिनिटाने बार थोडा वर-खाली करा, झाकण भरलं की इंजिन बंद करून साफ करा. या कामाला ३० अंशांची नेहमीची चेन चालते. चेनसॉ मिलवर फळ्या काढायच्या असतील तर मात्र दात १० अंशांवर घासलेली चेन हवी, नाहीतर फळीवर लाटा येतात. ओंडक्याला दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकल्याशिवाय चिरायला सुरुवात करू नका, आणि पायाला चाप्स (चेनपासून जपणारं जाड आवरण), डोळ्याला जाळी, कानाला मफ हे झाडावर असताना जेवढे लागतात तेवढेच इथेही.

कच्चं कातणं: १२ इंची काठवट

जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्श्याची. १२ इंचाला सव्वा इंच, म्हणजे १० सूत, काठापासून तळापर्यंत एकसारखी. पातळ ठेवली तर वाकल्यावर गोल करायला लाकूड उरत नाही, जाड ठेवली तर आत-बाहेरची ओढाताण वाढते. आंब्याच्या १२ इंची काठवटीत रेषेच्या आडव्या दिशेने साधारण ४ सूत आकसणं धरा. १० सुतांतून ते जाऊनही शेवटी ४ सुतांची भिंत आरामात मिळते.

सुरुवात फेसप्लेटवर (लेथला बसणारी, तुकडा स्क्रूने धरायची चकती), तोंडाच्या म्हणजे पुढे पोकळ होणाऱ्या बाजूने. फेसप्लेट बेळगावात उद्यमबागेतल्या लेथवाल्याकडून ६ इंची करून घेता येते, सोबत स्पिंडलचा नट नेऊन आट्यांचं माप द्या. स्क्रू लाकडाचे, सव्वा ते दीड इंची. जिप्समचे काळे स्क्रू ठिसूळ असतात, आडव्या झटक्याला तुटतात. वेडावाकडा तुकडा ३०० ते ४०० फेऱ्यांवर सुरू करा, गोल झाल्यावर ५०० ते ६००. लेथ थरथरत असेल तर वेग वाढवून ती थांबत नाही. साल धरणाऱ्या तुकड्यासमोर उभं राहू नका.

टेनन थोडं मोठं ठेवायचं, कारण तेही आकसून अंडाकृती होतं. चकच्या १०० मि.मी. जबड्यांसाठी ११० मि.मी. व्यास आणि ९-१० मि.मी. उंची. मध्ये ३ सूत खोल पोकळी, वर सांगितलं तशी. जबडे आवळताना ओलं लाकूड दाबलं जातं. पोकळ करत असताना एकदा थांबून पुन्हा आवळा, पण पाना लांब करून जोर लावू नका, टेननचा तुकडा उडतो.

कातून झाली की त्याच तासात काठ, आणि बाहेरून-आतून समोरासमोरचे ते दोन तोंडाकडचे भाग, वितळलेल्या मेणाने रंगवा. बाजूच्या दोन अंगांना मेण लावायचं नाही, पाणी तिथून जाऊ द्यायचं असतं. सगळीच काठवट मेणात बुडवणारे आहेत. ती तडकत नाही हे खरं, पण सुकतही नाही.

सुकवणं

उन्हाळ्यात तरुण भारतचे दोन-तीन अंक गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोलीच्या थंड कोपऱ्यात, जमिनीलगत. पंख्याखाली नाही, पत्र्याखाली तर नाहीच. पहिल्या आठवड्यात कागद रोज चाचपून बघा, ओला लागला तर बदला, नाहीतर बुरशी धरते. दुसऱ्या आठवड्यापासून दर रविवारी वजन. आठवड्यात १०० ग्रॅमपेक्षा जास्त उतरत असेल तर आणखी एक कागद, १० ग्रॅमही उतरत नसेल तर एक कमी.

पावसाळ्यात कागद नको. काठवट उघडी, काठ खाली करून, दोन पट्ट्यांवर, हवा खेळत्या जागी. बुरशी दिसली तर कोरड्या ब्रशने झाडा. खानापूरकडे चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवायची पद्धत आहे. धूर बुरशीला मारक हे खरं, पण उबेत एकच बाजू सुकते, तेव्हा दर दोन दिवसांनी फिरवावी लागते. १२ इंची काठवटीला ४ ते ६ महिने धरा. जूनमध्ये कातलेली डिसेंबर-जानेवारीत दुसऱ्यांदा कातायला येते, आणि तोच काळ चांगला. फेब्रुवारी-मार्चमध्ये कच्च्या कातलेल्यांना पहिले तीन आठवडे सांभाळलं तर मेअखेर त्या बऱ्याच उतरलेल्या असतात.

बाभळीसाठी आणखी एक उपाय आहे आणि तो खरोखर लागू पडतो: उकळणं. कच्ची कातलेली काठवट पाण्यात पूर्ण बुडवून, जाडीच्या दर इंचाला एक तास या हिशेबाने उकळायची आणि त्याच पाण्यात गार होऊ द्यायची. आतला ताण सैल होतो, नंतर वाकणं-तडकणं कमी होतं. मात्र भांडं ॲल्युमिनियमचं हवं. बाभळीतल्या टॅनिनची (तुरट द्रव्याची) लोखंडाशी गाठ पडली की लाकूड शाईसारखं काळं पडतं. गुऱ्हाळाची जुनी लोखंडी काहील मिळते म्हणून मोह होतो, ती याला चालणार नाही.

मायक्रोवेव्हमध्ये छोटी वाटी सुकवता येते, काठवट नाही. आतून जळते आणि वास येईपर्यंत कळत नाही.

कोणतं झाड कसं वागतं

शिकायचं तर रेन ट्रीवर शिका. रस्त्याकडेची छत्रीसारखी झाडं छाटली की जाड तुकडे मिळतात, आकसणं फार कमी, इतकं की ओलंच पातळ कातलं तरी बहुतेक वेळा तडकत नाही. फणस त्याच्या खालोखाल: शांत लाकूड, पिवळाधमक रंग काही वर्षांत तांबूस-तपकिरी होतो. त्याचा चीक गॉजला (कातायच्या छिन्नीला) आणि बारला चिकटतो, खोबरेल तेलाच्या फडक्याने निघतो. आंबा सोपा, पण बुरशीचा आणि भुंग्याचा लाडका. चिंचेचा पांढरा भाग भुंगा वर्षात पोखरतो, काळा गाभा दगड आहे. ऐन वरवर बारीक चिरा धरतो, त्याला जास्त कागद गुंडाळा. सिल्व्हर ओकचं पोत देखणं, पण काहींच्या हाताला खाज सुटते. काजूचा चीक कातडी जाळतो, खायच्या भांड्याला ते लाकूड घेऊ नका. आणि निलगिरीचा नाद सोडा. झाडात भरलेला ताण तोडल्याबरोबर सुटतो, ओंडका डोळ्यांसमोर फाटतो, पीळही असतो. तिचे वासे करा.

वखारीत कन्नडमधून विचारावं लागलं तर फणस म्हणजे हलसु, आंबा मावु, चिंच हुणसे, बाभूळ जाली, ऐन मत्ती, शिसम बीटे. साग, शिसम, चंदन यांच्या बाबतीत हौस म्हणून काही करू नका. कर्नाटकात काही जाती सोडल्या तर झाड तोडायला १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते आणि अशा लाकडाच्या वाहतुकीचे नियम वेगळे आहेत. वनखात्याच्या रेंज ऑफिसात विचारून कागद जवळ ठेवा, ओंडका गाडीत घालण्याआधी.

छाटणी करणाऱ्यांच्या वाट्याला बुंध्यापेक्षा फांद्याच जास्त येतात. आडव्या वाढलेल्या जाड फांदीचं लाकूड पाहा: भेंड मधोमध नसतं. वरच्या बाजूचं लाकूड झाडाने ताण पेलायला वेगळं बनवलेलं असतं, ते लांबीतही आकसतं आणि कातताना केसाळ निघतं. त्याची काठवट करून सुकवण्याला दोष देण्यात अर्थ नाही. सरळ उभ्या फांद्या लाटण्यांना घ्या, पण तिथेही पूर्ण गोल फांदी लेथवर चढवू नका. मध्ये भेंड असलेलं लाटणं लांबीभर उलतं. मनगटाएवढ्या फांदीतून एक लाटणं काढण्यापेक्षा मांडीएवढ्या फांदीचे चार पाव करा आणि प्रत्येकातून एक काढा.

मिलवरच्या फळ्यांचं थोडक्यात. तोंडं बंद करणं तसंच. दोन इंची फळीला इंचाला एक वर्ष या जुन्या हिशेबाने दोन वर्षं द्या. मध्ये एक इंची कोरड्या पट्ट्या दर १८ इंचांवर, वरपासून खालपर्यंत एकाखाली एक नेमक्या रेषेत, वर दगडांचं वजन. भेंड असलेली मधली फळी अखंड ठेवून सुंदर टेबल होईल असं वाटतं. होत नाही. पहिल्याच दिवशी ती भेंडातून उभी चिरून टाका.

तडकलीच तर

अजून सुकत असलेल्या काठवटीच्या चिरेत काही भरू नका. सुपरग्लू ओतला की चीर दिसेनाशी होते, आणि महिन्याने शेजारी दुसरी उघडते. अपवाद एकच. पहिल्या दोन दिवसांत काठावर कागदाएवढी चीर दिसली, तर पातळ सुपरग्लू टोकापर्यंत झिरपू द्या, लगेच मेण लावा, एक कागद वाढवा. निम्म्या वेळा ती तिथेच थांबते.

पूर्ण सुकल्यावर उरलेली चीर एक सुतापेक्षा कमी असेल तर त्याच लाकडाचा बारीक भुसा आणि सुपरग्लू, थरावर थर. रुंद चिरेला इपॉक्सी. तळातून आरपार गेलेल्या तड्याला घट्ट लाकडाची डमरूच्या आकाराची गुटी बसवा, तिची रेष तड्याला आडवी, जाडी तळाच्या निम्मी. मात्र चीर भरलेल्या काठवटीत पीठ मळू नका, तिच्यात फळं ठेवा. वर्तुळाला धरून गेलेला तडा असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका आणि ती पुन्हा लेथवरही चढवू नका.

दुसरं कातणं झाल्यावर पिठाच्या काठवटीला खायचं जवस तेल, घाण्यावरचं. हार्डवेअरच्या दुकानातल्या डब्यात ते लवकर सुकवणारी रसायनं असतात. शेंगतेल सुकत नाही, महिन्याभरात खवट वास येतो. चार भाग जवस तेलात एक भाग मधमाशीचं मेण कोमट करून मिसळा, पातळ हात, अर्ध्या तासाने पुसून कोरडं करा, आठवड्याने दुसरा हात. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवस तेल सुकताना तापतं आणि घडीतलं फडकं आपोआप पेटू शकतं. ते दोरीवर पसरून वाळवा, कडक झालं की चुलीत घाला.